एक तालुका, दोन खासदार

मतदारसंघांच्या पुनर्रचनेने चिपळूण परिसराचे राजकीय गणित कसे बदलले

चिपळूण तालुक्यातील गुहागरच्या बाजूला असलेल्या एखाद्या गावातील शेतकऱ्याचे सारे व्यवहार चिपळूणशी बांधलेले असतात. सातबाऱ्यातील नोंदीसाठी तो चिपळूणच्या तहसील कचेरीत जातो, आजारपणात कामथ्याचे उपजिल्हा रुग्णालय गाठतो, मुलाला कॉलेजात घालायचे तर डी.बी.जे. महाविद्यालयाचे नाव आधी घेतो आणि आठवड्याचा बाजारही चिपळूणलाच करतो. मात्र मतदानाच्या दिवशी त्याचे चिपळूणशी असलेले नाते तुटते. आमदार निवडताना तो गुहागर मतदारसंघाचा मतदार असतो आणि खासदार निवडताना थेट रायगडचा. त्याच्या खासदारकीच्या उमेदवाराला अर्ज भरण्यासाठी अलिबागला जावे लागते, कारण त्या मतदारसंघाचे निवडणूक निर्णय अधिकारी रायगडचे जिल्हाधिकारी असतात. त्याच तालुक्यात, काही मैलांवर राहणारा त्याचा भाऊबंद मात्र ज्या लोकसभा मतदारसंघात मत देतो, तो दक्षिणेला गोव्याच्या हद्दीपर्यंत पसरलेला आहे.

एका तालुक्याचे असे दोन तुकडे कोणा एका पुढाऱ्याने पाडले, अशी समजूत आजही गावगप्पांत ऐकू येते. वस्तुस्थिती अधिक रुक्ष आणि म्हणूनच अधिक लक्षात घेण्यासारखी आहे. हे तुकडे प्रामुख्याने एका भागाकाराने पाडले. तो भागाकार समजून घेतला तर गेल्या काही निवडणुकांतील चिपळूण, गुहागर व खेडच्या राजकारणातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याचाही अंदाज येतो.

अकराचे आठ कसे झाले

भारतीय राज्यघटनेच्या ८२ व्या व १७० व्या अनुच्छेदांनुसार दर जनगणनेनंतर लोकसभा व विधानसभेच्या जागांचे फेरवाटप व्हावे, अशी मूळ योजना होती. त्याप्रमाणे १९५२, १९६३ आणि १९७३ मध्ये पुनर्रचना आयोग नेमले गेले. पुढे आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, ही प्रक्रिया गोठविण्यात आली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांच्याच जागा घटाव्यात हे न्याय्य नाही, असा त्यामागचा विचार होता. परिणामी १९७१ च्या जनगणनेवर आखलेले मतदारसंघ तीन दशकांहून अधिक काळ जसेच्या तसे राहिले. या काळात माणसे मात्र एका जागी राहिली नाहीत, आणि कोकणातील माणसे तर मुळीच नाहीत.

१९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागले, की एका आमदारामागे सुमारे १ लाख ७५ हजार लोक येतात. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा अखंड होता. सिंधुदुर्ग त्यातून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. अखंड जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात होती, म्हणजे त्याच्या वाट्याला अकरा जागा आल्या. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, देवगड, राजापूर, रत्नागिरी, संगमेश्वर, गुहागर, चिपळूण, खेड आणि दापोली या त्या अकरा जागा होत. त्याच हिशेबाने पावणेतेवीस लाखांच्या ठाणे जिल्ह्याला तेरा आणि जवळपास साठ लाखांच्या मुंबईला चौतीस जागा मिळाल्या होत्या. (तेव्हाच्या क्रमवारीत महाराष्ट्राची सुरुवातच कोकणातून होत असे. लोकसभेचा पहिला मतदारसंघ राजापूर, विधानसभेचा पहिला सावंतवाडी. आता पहिला मान नंदुरबार आणि अक्कलकुव्याला मिळतो. सावंतवाडीचा क्रमांक २७० आहे.)

त्यानंतर २००१ ची जनगणना झाली. घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवली. परंतु राज्याच्या आतल्या आत सीमा नव्याने आखण्यास मुभा दिली. हे काम आधी १९९१ च्या आकड्यांवर होणार होते. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्याऐवजी २००१ चे आकडे घेण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग कामाला लागला.

आता महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख झाली होती आणि आमदारामागची सरासरी ३ लाख ३६ हजारांवर गेली होती. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६ लाख ९७ हजार. भागाकार केला तर उत्तर येते ५.०४, म्हणजे पाच जागा. सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६९ हजार, उत्तर २.५८, म्हणजे तीन जागा. अकराच्या आठ झाल्या त्या अशा. याच भागाकाराने ८१ लाखांच्या ठाणे जिल्ह्याच्या जागा तेरावरून चोवीस झाल्या. मुंबई शहराच्या दहाच उरल्या, पण उपनगर सव्वीसपर्यंत पोहोचले. रायगडच्या मात्र सातच्या सातच राहिल्या.

हे आकडे पाहिले की रागाला जागा उरत नाही, असे कोणी म्हणेल. ते पूर्ण खरे नाही. ठाण्यात व उपनगरांत वाढलेल्या वस्तीत कोकणातून गेलेली माणसे किती मोठ्या संख्येने आहेत, हे डोंबिवली, विरार, दिवा, भांडुप या नावांची उजळणी केली तरी ध्यानात येते. कोकणी माणसाचे मत नाहीसे झाले नाही. ते रोजगाराच्या मागोमाग गेले. गावाकडचा रस्ता, धरण, शाळा यांसाठी भांडणारा प्रतिनिधी मात्र कमी झाला. रोजगार न दिल्याची शिक्षा प्रदेशाला दोनदा भोगावी लागते ती अशी: आधी तरुण जातात, मग त्यांच्यामागून जागा जातात.

रेषा कुठून काढायची

जिल्ह्याला किती जागा हे ठरले, की प्रत्यक्ष रेषा आखण्याचे काम सुरू होते आणि खरी चुरस तिथे असते. २००२ च्या पुनर्रचना कायद्याचे नववे कलम सांगते की मतदारसंघ शक्य तितके सलग व आटोपशीर असावेत. डोंगर-नद्यांसारखी नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय लक्षात घेतली जावी. लोकसंख्येत सरासरीपासून साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालेल, अशी सवलत आयोगाने ठेवली होती. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा असल्याने प्रत्येक लोकसभा मतदारसंघात सहा अखंड विधानसभा मतदारसंघ बसवावे लागतात.

आयोगाला प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सदस्य असतात, पाच खासदार व पाच आमदार. त्यांना सूचना करता येतात, पण मतदानाचा अधिकार नसतो. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो, हरकती मागविल्या जातात, जाहीर सुनावण्या होतात. त्यानंतर निघालेल्या आदेशाला कायद्याचे बळ असते. घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदामुळे त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मेघराज कोठारी खटल्यात स्पष्ट केले होते. उज्जैनच्या राखीव जागेवरून तो वाद उद्भवला होता. आदेश उघडउघड मनमानी व घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालयाचे दार पूर्णपणे बंद नाही, असे २०२४ मध्ये गुजरातमधील बारडोलीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले. तरीही व्यवहारात आयोगाची रेषा ही शेवटची रेषा असते.

हा कडेकोटपणा का, याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत १८१२ मध्ये त्यांच्या पक्षाला सोयीचे जावेत म्हणून मतदारसंघ असे वेडेवाकडे आखले गेले की त्यातला एक सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसू लागला. गेरी आणि सॅलमँडर मिळून ‘गेरीमँडर’ हा शब्द तयार झाला. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत आजही मतदारसंघ विधिमंडळेच आखतात. भारताने ते काम निवृत्त न्यायमूर्ती आणि निवडणूक आयुक्तांकडे सोपविले. त्यामुळे पक्षपाताचा आरोप पुसला गेला असे नाही. पण तो सिद्ध करणे अवघड झाले, हे निश्चित.

रत्नागिरी जिल्ह्यात सातच्या पाच जागा करायच्या म्हणजे दोन नावे पुसावी लागणार होती. ती खेड आणि संगमेश्वरची निघाली. खेड तालुका दापोली व गुहागर यांच्यात वाटला गेला. खेड शहर दापोलीकडे गेले. संगमेश्वर तालुक्याचा देवरुखसह मोठा भाग चिपळूणला जोडला गेला. तेवढा भाग आत आल्यावर चिपळूण तालुका अख्खा त्यात मावेना, म्हणून त्याचा काही भाग गुहागरला देण्यात आला. आजचा चिपळूण मतदारसंघ स्थानिक बोलीत ‘चिपळूण-संगमेश्वर’ म्हणून ओळखला जातो तो यामुळेच. १९ फेब्रुवारी २००८ पासून हे सारे अमलात आले आणि महाराष्ट्रात २००९ ची लोकसभा व विधानसभा निवडणूक पहिल्यांदा नव्या नकाशावर झाली.

लोकसभेची अडचण याहून बिकट होती. २००१ मध्ये एका खासदारामागे सरासरी २० लाख १८ हजार लोक येत होते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग मिळून लोकसंख्या होती २५ लाख ६५ हजार. म्हणजे एक खासदार पुरा होऊन वर पाव खासदार उरत होता. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ ते १९९१ अशी सलग वीस वर्षे मधु दंडवते यांनी गाजविलेला राजापूर मतदारसंघ संपला. सावर्ड्याचे गोविंदराव निकम ज्याचे खासदार होते तो जुना रत्नागिरी मतदारसंघही संपला. त्यांच्या जागी चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एकच मतदारसंघ उभा राहिला. उरलेले दापोली आणि गुहागर हे दोन मतदारसंघ पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड यांच्याबरोबर नव्या रायगड मतदारसंघात घालण्यात आले. रायगडचे उरलेले पनवेल, कर्जत व उरण घाटाच्या वर चढून मावळात गेले आणि पिंपरी-चिंचवडच्या शेजारी बसले. कर्जतच्या मतदाराला आपला खासदार घाटावर शोधावा लागतो हे पाहिले, की चिपळूणकरांचे गाऱ्हाणे तुलनेने सौम्यच वाटते.

नकाशा बदलला, उमेदवारही सरकले

गावोगावी एखादा तरी माणूस असा असतो, ज्याच्याकडे निवडणूक जवळ आली की सर्व पक्षांचे लोक हळूच येऊन बसतात. तो कधी निवृत्त शिक्षक असतो, कधी जुना पत्रकार, कधी पक्षातून बाजूला पडलेला कार्यकर्ता. त्याच्याकडे मतदार याद्यांचे गठ्ठे असतात आणि कोणत्या वाडीत किती चुली हे त्याला तोंडपाठ असते. टीव्हीवरचा विश्लेषक राज्याचे वारे सांगतो. हा माणूस वाडीवाडीतले वारे सांगतो. २००८ च्या पुनर्रचनेने या मंडळींवर पाटी कोरी करण्याची वेळ आणली.

सुदैवाने त्यांच्या हाती एक नवे साधन आले होते. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. त्यामुळे कोणत्या गावाने कोणाला मते दिली हे नेमके कळत नसे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मतदान यंत्रे आली आणि मोजणी यंत्रागणिक, म्हणजे केंद्रागणिक होऊ लागली. निकालानंतर निघणाऱ्या नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली ते छापून येते. यामुळे गावाला धाक घालणे सोपे होते, अशी रास्त तक्रार आहे. अनेक केंद्रांची बेरीज एकदम दाखविणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला होता आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबाही दिला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. अभ्यासकांना मात्र या तक्त्यांचा उपयोग झाला. महसूल मंडळांची नवी यादी हाती घ्यायची, २००४ चे केंद्रनिहाय आकडे त्या यादीप्रमाणे कापायचे आणि नव्या मतदारसंघाला जोडायचे. अशा रीतीने न झालेल्या निवडणुकीचा निकाल आधीच कागदावर मांडता येऊ लागला.

हा कागद हाती असलेल्यांना २००९ ची गुहागरची लढत कशामुळे रंगणार हे दिसत होते. रामदास कदम हे १९९० पासून खेडचे आमदार आणि २००५ पासून विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. त्यांचा मतदारसंघच नकाशावरून गेला. भास्कर जाधव हे १९९५ व १९९९ मध्ये शिवसेनेतर्फे चिपळूणमधून निवडून आले होते. २००४ मध्ये उमेदवारी नाकारली गेल्यावर ते अपक्ष लढून हरले आणि पुढे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. गुहागर हा तोपर्यंत भाजपचा आणि नातू पिता-पुत्रांचा बालेकिल्ला, डॉ. विनय नातू हे तिथले विद्यमान आमदार होते. युतीने विरोधी पक्षनेत्याची सोय लावण्यासाठी भाजपकडची ही जागा शिवसेनेला दिली. डॉ. नातूंनी बंड करून अपक्ष अर्ज भरला.

ही लढत म्हणजे जणू नव्या नकाशाचेच मानवी रूप होते. गुहागर तालुका, खेडचा तुकडा आणि चिपळूणचा तुकडा अशा तीन भागांचा हा मतदारसंघ. आणि रिंगणात गुहागरचे आमदार, खेडचे आमदार व चिपळूणचे माजी आमदार. जाधव निवडून आले. युतीची मते फुटली हे उघड कारण होतेच. पण चिपळूण तालुक्याचा भाग जोडला गेल्याने जाधव तिथे पूर्णपणे उपरे ठरत नव्हते, हेही तितकेच खरे. २०१४ मध्ये राष्ट्रवादीतर्फे, २०१९ मध्ये शिवसेनेतर्फे आणि २०२४ मध्ये शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटातर्फे तेच पुन्हा निवडून आले. पक्ष बदलले, मतदारसंघ बदलला नाही. विरोधी पक्षनेत्याचा पराभव हा त्या वर्षी राज्यभर चर्चेचा विषय झाला होता, आणि त्याची सुरुवात प्रचारसभेत नव्हे, तर आयोगाच्या तक्त्यात झाली होती. कदम कुटुंबाने पुढे दापोलीकडे मोर्चा वळविला. २०१९ व २०२४ मध्ये योगेश कदम तिथून विजयी झाले. खेड शहर दापोली मतदारसंघात आहे, हे इथे विसरून चालणार नाही.

लोकसभेतही तेच. राजापूरचे चार वेळा खासदार राहिलेले सुरेश प्रभू २००९ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात नीलेश राणे यांच्याकडून हरले. रत्नागिरीचे खासदार अनंत गीते नव्या रायगडात गेले आणि त्यांनी बॅ. ए. आर. अंतुले यांना हरविले. त्याच रायगडात २०१४ मध्ये गीते सुनील तटकरे यांच्यापुढे अवघ्या दोन हजार एकशेच्या आसपास मतांनी टिकले, आणि तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांवर मते पडली होती! इतक्या पातळ अंतरावर निकाल लागतो तेव्हा दापोली-गुहागरच्या मतदाराचे मोल किती वाढते, हे सांगायला नको. हे मोल केवळ निवडणुकीपुरते राहते का, हा तेथील लोकांचा प्रश्न आहे.

दोन जिल्हे एका मतदारसंघात आणले म्हणून त्यांची मने एक होत नाहीत, याचाही पुरावा आहे. २०२४ मध्ये नारायण राणे यांनी विनायक राऊत यांना सुमारे ४७ हजारांनी हरविले. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण, रत्नागिरी व राजापूर या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे होते आणि सिंधुदुर्गातील तिन्ही ठिकाणी राणे. नमुना २० चा तक्ता उघडला की १९८१ ची जिल्ह्याची सीमा त्यात स्पष्ट उमटलेली दिसते.

जातीचे गणित आणि मुंबईकर मंडळ

स्थानिक अभ्यासकाची दुसरी वही जातीची असते. कुणबी, मराठा, बौद्ध, खाडीपट्ट्यातील मुसलमान, भंडारी, खारवी असे रकाने त्यात असतात. उत्तर रत्नागिरीत कुणबी समाज संख्येने मोठा. शामराव पेजे यांच्यासारखे नेतृत्व त्याने दिले. पण संख्या मोठी असूनही हा समाज सर्व मतदारसंघांत विखुरलेला असल्याने रेषा कोठूनही काढली तरी त्याचा वाटा साधारण तेवढाच राहतो, आणि उमेदवारी देताना पक्ष इतर हिशेब आधी करतात, अशी तक्रार वारंवार होते. या वहीतले आकडे अंदाजाचेच असतात, हे सांगणे आवश्यक आहे. १९३१ नंतर देशात सर्व जातींची जनगणनेतून प्रसिद्ध झालेली मोजणी नाही. येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला; ते आकडे आले की या वह्यांपैकी किती खऱ्या आणि किती फुगवलेल्या हे कळेल.

तिसरी वही मुंबईची. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये १,१२२. हा आकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा म्हणून मिरविला जातो, पण त्यात पुरुषांच्या स्थलांतराचा वाटा मोठा आहे. गावाची एक समिती गावात आणि दुसरी मुंबईत, ही इथली रीत. लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत मुंबईकर मंडळाची बैठक होते आणि तिथे ठरलेली गोष्ट गावी पोहोचते. मंदिराचा जीर्णोद्धार असो की निवडणूक, मुंबईकरांचा शब्द डावलणे सोपे नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी, तिच्या नेहमीच्या निवासाच्या जागी, असावे लागते. चाकरमान्याचे नेहमीचे निवास कोणते, याचे उत्तर मात्र त्याच्या मनात एक आणि रेशनकार्डावर दुसरे असते. मतदारांना फुकट ने-आण करण्यासाठी वाहने भाड्याने घेणे हा कायद्याने भ्रष्टाचार ठरतो. तरीही मतदानाच्या आदल्या रात्री महामार्गावर वर्दळ का वाढते, हे कशेडीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांना विचारावे.

नदीला मतदारसंघ नसतो

हे सारे उमेदवारांच्या सोयी-गैरसोयीपुरते असते तर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. प्रश्न कामांचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्यानंतर नदीतील गाळ काढण्यासाठी आणि पूररेषेच्या प्रश्नावर चिपळूण बचाव समितीने दीर्घ आंदोलन केले. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी घेऊन चिपळूण शहरातून जाते आणि पुढे दाभोळच्या खाडीतून, दापोली व गुहागर तालुक्यांच्या मधून, समुद्राला मिळते. शहर रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात आणि मुख रायगडमध्ये. ज्याच्या मतदारसंघात पूर येतो आणि ज्याच्या मतदारसंघातून पाणी बाहेर पडायचे, ते खासदार वेगवेगळे. नदीचे खोरे एकच असले तरी दिल्लीत त्याची बाजू मांडणारा एक माणूस नाही. नैसर्गिक रचना लक्षात घ्यावी, असे कायद्याचे नववे कलम म्हणते खरे. पण भागाकाराचे उत्तर आणि नदीचे वळण एकमेकांना भेटले नाही, की बाजी भागाकाराची होते.

संगमेश्वरचे दुखणे निराळे आहे. स्वतःचा आमदार असलेला तालुका चिपळूणच्या जोडीला गेला आणि देवरुखच्या लोकांना आमदाराच्या मुख्य कार्यालयासाठी दुसऱ्या तालुक्याकडे पाहावे लागले. २००९ व २०१४ मध्ये शिवसेनेचे सदानंद चव्हाण, २०१९ व २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे शेखर निकम असे या मतदारसंघाचे आमदार झाले. दोन्ही तालुक्यांना समान निधी दिला, हे या मतदारसंघाच्या प्रत्येक प्रचारात आवर्जून सांगावे लागते. ते सांगावे लागते यातच सर्व आले.

पुढचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार भरली. दहा वर्षांत ती वाढली नाही, तर ८१ हजारांहून अधिक घटली. सिंधुदुर्गही ८ लाख ५० हजारांवर उतरला. राज्य मात्र ११ कोटी २४ लाखांवर गेले. या आकड्यांवर, २८८ जागा कायम धरून, कागदावर हिशेब मांडला तर आमदारामागे ३ लाख ९० हजार लोक येतात. रत्नागिरीच्या वाट्याला ४.१४ आणि सिंधुदुर्गच्या वाट्याला २.१८. म्हणजे आठच्या सहा. १९७१ च्या अकरांची आठवण असलेल्यांना हा आकडा बोचणारा आहे.

प्रत्यक्षात पुनर्रचना २०११ च्या आकड्यांवर होण्याची योजना नव्हती. ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची अट घातली होती, आणि त्यासाठी नवा कायदा व नवा आयोग लागतो. त्या वेळी जागांची एकूण संख्या वाढविली गेली तर कोकणच्या जागा घटणार नाहीत, पण एकूण सभागृहातील त्यांचा वाटा घटलेलाच राहील. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखताना तेही पुनर्रचनेशीच जोडले होते. जिथे स्त्री मतदार पुरुषांपेक्षा अधिक आहेत, त्या जिल्ह्यातील कोणती जागा राखीव होते याकडे इच्छुकांचे लक्ष असणे स्वाभाविक आहे.

जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र असेल, असे केंद्राने जून २०२५ मध्ये अधिसूचित केले. माणसांची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत. त्या वर्षीचा शिमगा येतो मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पालख्या नाचवायला घराघरांत मुंबईकर उतरतात, बंद घरांची कुलुपे निघतात, वाड्या गजबजतात, ते तेव्हा. मोजणीसाठी येणारा प्रगणक मात्र फेब्रुवारीत येऊन जाईल, आणि त्याला दारात बहुधा आजीच भेटेल.